रेफरन्स : आपल्याबद्दलचा कागद आपणच का पाहू नये?



नोकरी बदलायची म्हटलं की आपण पगार, व्हिसा, मुलांची शाळा, घराचा हप्ता, सगळ्याचा हिशोब मांडतो. रेफरन्सचा विचार मात्र सहसा कोणी करत नाही. "देईल की जुना बॉस, त्यात काय मोठंसं!" आणि बहुतेक वेळा तो देतोही. पण जेव्हा देत नाही, किंवा देतो आणि भलतंच काहीतरी लिहितो, तेव्हा पायाखालची वाळू सरकते. मी इंग्लंडमध्ये सतरा वर्षं आहे, त्यातली आठ-नऊ वर्षं माणसं निवडणाऱ्यांच्या बाजूला बसलोय. दोन्ही बाजू पाहून माझं मत असं झालंय, की सध्याची पद्धत उमेदवारावर अन्याय करते, आणि गंमत म्हणजे कंपनीलाही तिचा फारसा उपयोग होत नाही.

इथली रीत अशी. ऑफर लेटर येतं, त्यात खाली एक ओळ असते, की ही ऑफर 'समाधानकारक रेफरन्स' मिळण्यावर अवलंबून आहे. समाधान कोणाचं आणि किती, ते कुठेच लिहिलेलं नसतं. सध्याच्या बॉसला विचारायचं ते बरेचदा राजीनाम्यानंतर, कारण आधी विचारलं तर बातमी फुटते. म्हणजे माणसाने एक फांदी सोडलेली असते आणि दुसरी अजून हातात आलेली नसते. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर आणखीच अवघड. जुन्या कंपनीने नोकरी संपल्याचं कळवलं की गृहखात्याचं पत्र येतं, आणि साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर बॅगा भरायच्या. अमेरिकेतल्या एच-वनबीवाल्यांनाही २०१७ पासून जास्तीत जास्त ६० दिवसच मिळतात.

माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, मूळची नाशिकची, टेस्टिंगमध्ये एकदम पक्की. तिने रीतसर नोटीस देऊन नोकरी सोडली. नव्या कंपनीने पाठवलेल्या फॉर्मवर एक प्रश्न होता, 'या व्यक्तीला तुम्ही पुन्हा नोकरीवर घ्याल का?' जुन्या मॅनेजरने 'नाही'वर खूण केली. कारण लिहायची जागा कोरी. प्रोजेक्ट रंगात आलेला असताना सोडून गेली याचा राग, बाकी काही नाही. हेसुद्धा तिला कळलं ते जुन्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून. ऑफर मागे घेतली गेली. तिने कागद मागितला तर उत्तर मिळालं, 'गोपनीय आहे'. पुढे अडीच महिन्यांनी तिला दुसरीकडे काम मिळालं, कमी पगारावर. एका खुणेची किंमत!

आणि कागद न दाखवणं हे कायद्याला धरूनच होतं, बरं का. १९९८ च्या डेटा प्रोटेक्शन ॲक्टमध्ये रेफरन्स देणाऱ्याकडून तो मागता येत नसे, पण निदान तो ज्याला मिळाला त्याच्याकडे मागता यायचा. २०१८ च्या कायद्याने तीही खिडकी बंद केली. खटला भरलात तर कोर्ट कागद बाहेर काढू शकतं. पण आत काय लिहिलंय तेच माहीत नसताना खटला भरायचा कशाच्या जोरावर?

खरं तर बाकीचा कायदा वाईट नाही. १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने स्प्रिंग विरुद्ध गार्डियन ॲश्युरन्स या खटल्यात निकाल दिला. विमा विकणारा एक माणूस, जुन्या कंपनीने त्याच्या सचोटीवरच शेरा मारलेला, त्यामुळे त्याला कोणी दारात उभं करेना. रेफरन्स लिहिणाऱ्याने ज्याच्याबद्दल लिहितो त्याच्या बाबतीतही वाजवी काळजी घेतली पाहिजे, असं लॉर्ड्सनी बहुमताने ठरवलं. २००१ साली कॉक्सच्या खटल्यात अपील कोर्टाने याच वाटेवर पुढे जाऊन सांगितलं, की धड चौकशी न केलेले आरोप रेफरन्सच्या वाटेने पुढे सरकवू नका.

झालं काय, की कंपन्यांचे वकील घाबरले. इथे बहुतेक धंद्यांत रेफरन्स देण्याची सक्तीच नाही, त्यामुळे सोपा मार्ग निघाला : फक्त तारखा आणि हुद्दा. अमुक ते अमुक काळ होते, अमुक पदावर होते, कळावे. अमेरिकेतही मोठ्या कंपन्यांत हेच चालतं. दिसायला हे अगदी निष्पक्ष. सगळ्यांना सारखंच दोन ओळींचं पत्र. पण मला हे पटत नाही. ज्याच्या इथे दहा ओळखी आहेत त्याला या दोन ओळींनी काही फरक पडत नाही. परवा पुण्याहून आलेल्या, पहिलीच नोकरी सोडणाऱ्या पोराने मान मोडून काम केलं तरी ते सांगणारं कोणी उरत नाही.

शिवाय खरी चौकशी थांबत नाहीच, फक्त फोनवर जाते. आपल्याकडे पत्रिका जुळली तरी मुलीचा मामा त्या गल्लीतल्या वाण्याकडे जाऊन "घराणं कसं आहे हो?" असं विचारून यायचाच. तसंच हे. इथे मामाचं काम लिंक्डइनवरच्या ओळखीचा माणूस करतो. मलाही असे फोन येतात, जास्त करून आपल्याच लोकांचे. "अरे, तो तुझ्याकडे होता ना, कसा आहे रे?" मी म्हणतो, मेल टाक, लेखी उत्तर देतो, त्यालाही कॉपी ठेवतो. नव्वद टक्के वेळा पुढे मेल येत नाही! वाण्याने काय सांगितलं हे मुलाकडच्यांना निदान अंदाजाने कळायचं. इथे तेही नाही.

आणि भारतातल्या कंपन्यांबद्दल बोललंच पाहिजे. रिलीव्हिंग लेटर हा तिथे दाखला राहिलेला नाही, ओलीस झालाय. तीन महिन्यांचा नोटीस पीरियड, परदेशातली कंपनी थांबायला तयार नाही, मग पैसे भरूनही पत्र अडकवून ठेवायचं. इथल्या बॅकग्राउंड चेकवाल्याला ही भानगड ठाऊकच नसते. त्याला दिसतं एवढंच, की पाच वर्षं जिथे काम केलं म्हणतो तिथलं पत्र नाही, म्हणजे काहीतरी लपवतोय! मी माझ्या एच.आर.ला तीनदा समजावलंय, की सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि पी.एफ.ची नोंद घ्या, माणूस तिथे होता हे त्यातून स्वच्छ दिसतं.

आता कोणी म्हणेल, मग कंपनीने वाईट माणसाबद्दल गप्प बसायचं का? अजिबात नाही. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टासमोर १९९७ साली आलेलं रँडी डब्ल्यू.चं प्रकरण वाचा. एका शाळेतल्या अधिकाऱ्याबद्दल आधीच्या ठिकाणी विद्यार्थिनींशी गैरवर्तनाच्या तक्रारी होत्या, तरी त्याला तोंडभरून स्तुतीची पत्रं देण्यात आली, आणि पुढच्या शाळेत त्याने एका मुलीवर हात टाकल्याचा आरोप झाला. अशी पत्रं देणाऱ्यांवर जबाबदारी येऊ शकते, असं कोर्ट म्हणालं. बरोबरच आहे. ब्याद टळावी म्हणून गोड पत्र देणं हाही अन्यायच, फक्त तिसऱ्याच कोणावर.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. रेफरन्स द्या, पूर्ण द्या, लेखी द्या, आणि ज्याचा आहे त्याला एक प्रत द्या. वाईट लिहायचं असेल तर आधी त्याला विचारा, त्याचं म्हणणंही जोडा. हे स्वप्नरंजन नाही. इथल्या बँका आणि विमा कंपन्यांत मार्च २०१७ पासून ठराविक जबाबदारीच्या पदांसाठी सहा वर्षांचा रेफरन्स देणं सक्तीचं झालं. प्रत दाखवायला हवी असं त्यात नाही, पण आरोपावर बोलायची संधी त्या माणसाला साधारणपणे मिळालेली असावी, असं एफ.सी.ए.चं मार्गदर्शन आहे. बँकांना जमतं ते सॉफ्टवेअरवाल्यांना का जमू नये?

मोकळेपणाने कोणी खरं लिहिणार नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. जर्मनीत नोकरी सोडताना लेखी दाखला मिळणं हा हक्क आहे आणि तो माणसाच्या हातातच पडतो. त्यातून तिथे एक सांकेतिक भाषाच तयार झाली. 'पूर्ण समाधान झालं' म्हणजे बेताचा, 'सदैव पूर्णतम समाधान' म्हणजे उत्तम, आणि 'प्रयत्न केला' म्हणजे कामाचा नाही! कायद्याने गुप्त खुणांना बंदी आहे, तरी हे चालतंच. पण तिथे निदान भाषा सगळ्यांना येते, आणि कागद पटला नाही तर लेबर कोर्टात जाऊन बदलून घेता येतो. मला आपल्या बंद पाकिटापेक्षा ते बरं वाटतं.

तोवर एवढं कराच. नव्या कंपनीला लेखी विचारा की रेफरन्स कोणाकडे मागणार, आणि बाकीचे चेक पूर्ण झाल्याचं पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. जुन्या बॉसचं अप्रेझल आणि कौतुकाचे मेल नोकरीत असतानाच, नियमात बसतील तसे, जपून ठेवा. भेदभावाची तक्रार केल्याचा राग रेफरन्सवर काढला गेला तर २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टखाली दाद मागता येते, नोकरी सुटल्यावरसुद्धा. मात्र मुदत लहान असते, ती आधी तपासा.

कतारने २०२० साली नोकरी बदलायला लागणारं जुन्या मालकाचं एन.ओ.सी. रद्द केलं. दोहातल्या मंडळींनी जरूर लिहावं, की आता मालक तोच जोर रेफरन्सवर काढतात का?