‘सोपं बोर्ड’ नावाचं काही नसतं

इंग्लंडमधल्या मराठी घरांत मूल इयर फोरमध्ये गेलं की इलेव्हन प्लसची, म्हणजे ग्रामर शाळांच्या प्रवेशपरीक्षेची, चर्चा सुरू होते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणतं बोर्ड सोपं? जीएल सरावाने जमतं, सेमला शब्दसंग्रह लागतो, एसेक्सचा पेपर कठीण, अशी उत्तरंही तयार असतात. सांगणारे आपुलकीनेच सांगतात. पण प्रश्नच चुकीचा आहे आणि त्याचा भार आठ-नऊ वर्षांच्या पोरांवर पडतो.

मुळात बोर्ड निवडणं आपल्या हातात नाही. एसएससी की सीबीएसई हे महाराष्ट्रात पालक ठरवतात आणि त्याबरोबर मुलाचा अभ्यासक्रमही ठरतो. इथलं बोर्ड म्हणजे प्रवेशपरीक्षेचा पेपर काढणारी संस्था, एवढंच. पेपर कोणाचा घ्यायचा हे ग्रामर शाळा, त्यांचा गट किंवा काउंटी ठरवते. केंट आणि बकिंगहॅमशायरमध्ये जीएल असेसमेंटचा, तर एसेक्समधल्या बहुतेक ग्रामर शाळांत त्यांच्याच सीएसएसई या संघाचा.

आता सोपं-अवघड. या परीक्षांत गुण सहसा प्रमाणित केले जातात. सप्टेंबरात जन्मलेलं मूल आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल एकाच वर्गात असतात, म्हणून वयाचा फरकही त्यात धरतात. बकिंगहॅमशायरमध्ये पात्रतेसाठी लागणारे 121 म्हणजे बरोबर आलेली 121 उत्तरं नव्हेत. पेपर सोपा निघाला तर तो सगळ्यांनाच सोपा जातो आणि पात्र व्हायला जास्त उत्तरं बरोबर यावी लागतात. स्पर्धा शेजारी बसलेल्या मुलांशी असते, मग पेपर सोपा असून फायदा कोणाचा?

याच्या अगदी उलटा दावा शाळांकडूनही झाला आहे : बोर्ड बदललं की क्लासचा प्रभाव ओसरेल. बकिंगहॅमशायरने याच आशेने जीएल सोडून डरहॅम विद्यापीठाच्या सेमचा पेपर घेतला. पण पहिल्याच वर्षी सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांचं पात्र होण्याचं प्रमाण वाढायचं ते घसरलं. काही वर्षांनी काउंटी पुन्हा जीएलकडे आली. पुढे सेमने इलेव्हन प्लसचे कागदी पेपरच बंद केले. क्लासवाल्यांनी मात्र प्रत्येक बदलाबरोबर नवं साहित्य विकलं. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला कोणतंही बोर्ड अडवू शकत नाही, हे शाळांनी मान्य करायला हवं.

मग बोर्ड माहीत असण्याचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो पेपरच्या घाटापुरता. जीएलमध्ये पर्याय निवडून वेगळ्या उत्तरपत्रिकेवरच्या चौकटीत पेन्सिलीने रेघ मारायची असते. एक प्रश्न सोडून पुढे गेलं आणि ती ओळ रिकामी ठेवायची राहिली, तर पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात. गणित पक्कं असलेली मुलंही यात गुण घालवतात. सीएसएसईमध्ये उत्तर स्वतःच्या हाताने लिहायचं, इंग्रजीत सलग लेखनही करायचं. अनेक खाजगी शाळा वापरतात ती आयएसईबीची पूर्वपरीक्षा संगणकावर होते. मुलाच्या उत्तरांनुसार पुढचे प्रश्न सोपे-अवघड होत जातात आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. पेपरच्या अशा घाटाची सवय घरी सहज लावता येते. जीएल नमुना-पेपर फुकट देते, त्यासाठी दोन वर्षांच्या क्लासची गरज नाही.

गरज आहे ती वाचनाची. रोज, मुलाच्या आवडीचं, मोठ्याने वाचून त्यावर बोलण्याची. पाढे आणि अपूर्णांक पक्के हवेत. हे तिन्ही पेपरांत लागतं आणि परीक्षा हुकली तरी वाया जात नाही. घरातली मराठी बंद करून इंग्रजी सुधारण्याचा सल्ला तर कोणीही देऊ नये. गोष्टीतल्या माणसाच्या मनात काय चाललंय हे मूल मराठीत ओळखायला शिकलं, तर उताऱ्यावरच्या प्रश्नातही ते त्याला ओळखता येतं.

बोर्डाच्या आधी शाळेची प्रवेश-नियमावली वाचा. बकिंगहॅमशायरमध्ये 121 मिळवूनही कॅचमेंटबाहेरच्या, म्हणजे शाळेच्या ठरलेल्या परिसराबाहेरच्या, मुलाला जागा मिळेलच असं नाही. 31 ऑक्टोबरपर्यंत शाळांचा पसंतीक्रम भरायचा असतो. त्यात घराजवळची प्रवेशपरीक्षा नसलेली एखादी चांगली कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळाही असू द्या, आणि ती पाहायला मुलाला आधीच घेऊन जा.