लिस्बन व्हाया वडखळ

तुमच्याही ग्रुपमध्ये एक ट्रिप असेलच. दरवर्षी ठरणारी आणि कधीच न होणारी. आमची लिस्बनची होती. तीन रात्री, चार दिवस, ऊन, समुद्र, चढावरून खडखडत जाणारी पिवळी ट्राम आणि ती कस्टर्डची टार्ट्स. आम्ही चौघं. कॉलेजपासून एकमेकांना नोडच्या नावानंच हाक मारतो. नेरूळ, खारघर, ऐरोली आणि मी, सानपाडा.

यंदा मी मनावर घेतलं. रीतसर एक्सेल शीट केली. शेंगेन व्हिसाची फी 2024च्या जूनपासून 90 युरो. शिवाय 30,000 युरोंचा ट्रॅव्हल इन्शुरन्स, ऑफिसचं रजेचं पत्र, सॅलरी स्लिप्स, बँकेची स्टेटमेंट्स. ज्याचे कागद आले त्याची ओळ हिरवी, ज्याचे नाहीत त्याची लाल. पंधरा दिवसांत तीन ओळी हिरव्यागार. ऐरोलीची लालभडक.

"बॉसची सही राहिलीय." "प्रिंटर बंद आहे." "उद्या नक्की." आम्ही त्याची जाम खेचली. खारघरनं त्याला कंजूष म्हटलं. मी तर त्या लाल ओळीभोवती गोल काढून स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला ते फार विनोदी वाटलं होतं. व्हिसाच्या अपॉइंटमेंटची तारीख निघून गेली आणि ट्रिप बोंबलली.

मग नेरूळ म्हणाला, "पोर्तुगालच बघायचंय ना? शनिवारी सकाळी सहाला खाली उभे राहा. शंभर-एक किलोमीटर. व्हिसा लागत नाही."

पनवेल, पेण, वडखळ. वडखळला आठ वडापाव बांधून घेतले. अलिबाग मागं टाकलं की रेवदंडा. इथं रस्ता किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो आणि आत चक्क गाव आहे. घरं, नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि वाड्यांमधून अचानक डोकं काढणारे चर्चचे पडके अवशेष. एक उंच मनोरा आहे, त्याला सातखणी म्हणतात. सातातले काही खण आता पडलेत, पण मान वर करून बघायला लावतो. जवळचं चौल हे फार जुनं बंदर. रशियाचा अफानासी निकितीन 1469मध्ये इथंच उतरला होता, म्हणजे वास्को द गामाच्याही आधी.

लिस्बनला टेगस नदीच्या मुखाशी बेलेमचा बुरूज आहे. 1519मध्ये पुरा झाला. त्यानंतर दोनेक वर्षांतच त्याच दर्यावर्दींनी इथं, कुंडलिकेच्या मुखाशी किल्ला बांधायला घेतला. नदी समुद्राला मिळते तिथं ठाण मांडायचं, ही त्यांची सवयच. पलीकडच्या काठावर कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलाय. तो 1594मध्ये त्यांनी निजामशाहीकडून घेतला. पुढं 1739मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि 1740च्या तहात चौल-कोर्लईही आपल्याकडे आले. पोर्तुगीज गेले.

पण त्यांची भाषा गेली नाही! कोर्लई गावात आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली बोलतात. बोलणारे हजाराच्या आसपास. बोलीचं नाव 'नॉ लिंग', म्हणजे 'आपली भाषा'. एका दुकानात पाण्याच्या बाटल्या घेतल्या. काकू आतल्या मुलीशी काहीतरी बोलल्या. एक अक्षर कळलं नाही. मग आमच्याकडे वळून अस्सल रायगडी मराठीत, "किल्ल्यावर चाल्लाव? टोप्या घाला, ऊन बघा किती!" पावणेतीनशेहून जास्त वर्षं लिस्बनशी संबंध नाही, शाळा मराठी, बाजार मराठी, आणि तरी घरात ही भाषा टिकलीय. आमची ऑफिसची पोरं दोन वर्षं बेंगळुरूला राहिली की 'मला मराठी जरा कमीच जमतं' म्हणतात!

किल्ल्यावर दीपगृहाच्या बाजूनं चढलो. अरुंद, लांबलचक किल्ला. तीन बाजूंना समुद्र. पडक्या चर्चजवळच्या सावलीत वडापाव सोडले. नेरूळ गूगल उघडून प्रोफेसर झाला. "पाव पोर्तुगीज. बटाटा पोर्तुगीज. मिरचीसुद्धा यांच्याच जहाजांतून आली. वडापाव मराठी माणसाचा म्हणतो आपण! चावी, काजू, अननस, घमेलं, सगळं त्यांच्याकडून. आणि ऐका, पगार! पगारसुद्धा पोर्तुगीज. त्यांच्यात पगार म्हणजे पैसे चुकते करणं."

"मग माझा लिस्बनलाच परत गेला असणार," ऐरोली म्हणाला.

आम्ही हसलो. तो हसला नाही.

"चार महिने झाले. आमच्या अख्ख्या टीमलाच घरी पाठवलं. घरी सांगितलेलं नाही. रोज साडेआठला लॅपटॉपची बॅग घेऊन निघतो, वाशीला सागर विहारला जाऊन बसतो. संध्याकाळी गर्दीच्या वेळेला परत. कुठून देऊ तुला सॅलरी स्लिप?"

हे तो माझ्याकडे बघून म्हणाला. चिडून नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

मला तो स्क्रीनशॉट आठवला. त्यावरचा गोल आठवला. चार महिने आम्ही रोज गुड मॉर्निंग टाकत होतो, मीम टाकत होतो, आणि आमच्यातला एक जण खाडीकाठी बाकावर बसून त्यावर हसण्याच्या स्मायली पाठवत होता. "सॉरी" म्हणाले. अगदीच पिचका शब्द निघाला. खारघरनं काही न बोलता तिचा दुसरा वडापाव त्याच्यापुढं सरकवला. नेरूळनं विचारलं, "इएमआय किती आहे?" मैत्रीत हा प्रश्न विचारायला आम्हाला बारा वर्षं लागली. पगार किती, कर्ज किती, हे आपण एकमेकांना विचारतच नाही ना? हॉटेलं ठरवतो, फ्लाइट ठरवतो, बिल चार भागांत तोडतो आणि सगळ्यांना परवडतंय असं धरून चालतो.

मग तासभर त्या पडक्या भिंतीशी बसून आम्ही हिशेब केला. हप्ते किती, शिल्लक किती दिवस पुरेल, कुणाच्या ऑफिसात कुणाला विचारायचं. आयुष्यातली सगळ्यात उपयोगी एक्सेल शीट टिश्यू पेपरवर झाली. "आधी आईला सांग," खारघर म्हणाली. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

तुम्ही जाल तर पाणी सोबत ठेवा, ऊन चढायच्या आत वर पोहोचा, आणि परतताना वडखळच्या ट्रॅफिकसाठी गाणी जास्तीची घ्या. आम्ही तिथं दीड तास अडकलो. तक्रार कुणीच केली नाही.

रात्री अकराला ग्रुपवर ऐरोलीचा मेसेज आला. "सांगितलं आईला. रडली. मग जेवायला वाढलं." त्याखाली एक पीडीएफ.

बँक स्टेटमेंट नव्हतं. बायोडेटा होता. आम्ही तिघांनी तो त्याच रात्री पुढं पाठवला.