मासा काय पाहतो, तेही मोजा
स्तंभ : नदीकाठ

मुळशीच्या वरच्या अंगाला एका ओढ्यात परवा दगड उचलला, तर खालून बोटाएवढा मासा सटकला आणि हातभर पुढे जाऊन वाळूवर टेकला. अंगावर तपकिरी पट्टे, तोंडाशी सहा मिशा. त्या मिशा वाळू चाचपत होत्या, डोळे मात्र माझ्याकडे होते. सावली हलली की तो पुन्हा दगडाखाली. फ्रान्सिस डे यांनी 1872 मध्ये पुण्यात मिळालेल्या माशांवरून या जातीचं वर्णन केलं. तिचं शास्त्रीय नाव इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी.

याच जातीत गणलेले मासे बस्तरमधल्या कोटमसर गुहेत, मिट्ट काळोखात राहतात. त्यांचे डोळे बारीक झालेत, काहींचे तर जेमतेम उरलेत. अंगावरचा रंगही उडालाय. डोळा आणि त्यामागचा मेंदूचा भाग पोसायला शरीराला बरंच खर्चावं लागतं. जिथे उजेडच नाही तिथे तो खर्च पिढ्यान्‌पिढ्या आटत जातो, आणि मासा स्पर्शावर, चवीवर जगतो. ओढ्यातला तो डोळस मासा पाहताना मला सारखी ही गुहा आठवत होती.

पण गुहेतल्या माशाला हजारो वर्षं मिळाली. आपण नद्यांचं पाणी काही दशकांत अंधारून टाकतो, तेव्हा काय होतं? याचं उत्तर आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात मिळालं आहे. तिथे सिक्लिड माशांच्या दोन सख्ख्या जाती आहेत. एकीचे नर निळे, ते वरच्या उजेडात राहतात. दुसरीचे लाल, ते जरा खोल. त्या खोल पाण्यात निळा प्रकाश फारसा पोचत नाही, म्हणून तिथल्या माशांचे डोळे लाल रंगाला अधिक तीक्ष्ण असतात. माद्या रंग पाहून आपल्या जातीचा नर निवडतात. संशोधकांनी प्रयोगशाळेत नुसता नारिंगी उजेड लावला, तेव्हा लाल-निळा भेद दिसेना आणि माद्यांची निवडच कोलमडली.

सरोवरातही तेच घडत होतं. शेतातली खतं, सांडपाणी आणि धुपलेली माती यांनी पाणी गढूळ झालं, शेवाळ माजलं. जिथे पाणी जास्त गढूळ तिथे नरांचे रंग मळकट आणि जातींची संख्या कमी, असं ओले सीहाउझेन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवून दिलं. जाती एकमेकींत मिसळून विरत होत्या. त्यासाठी मासे मरावे लागले नाहीत, त्यांना एकमेकांची ओळख पटेनाशी झाली एवढंच.

आता आपल्याकडचा नियम बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत वन्यजीव आणि मत्स्यसंवर्धनासाठी योग्य पाणी म्हणजे ‘डी’ वर्ग. त्याचे निकष असे: सामू 6.5 ते 8.5, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम, मुक्त अमोनिया जास्तीत जास्त 1.2 मिलिग्रॅम. माशाचा श्वास चालला पाहिजे, एवढीच काळजी यात आहे. त्याला दिसतं का, वास येतो का, याला जागाच नाही. मला हा निकष अपुरा वाटतो आणि तो बदलावा असं माझं ठाम मत आहे.

यावर नेहमी ऐकू येणारं उत्तर म्हणजे, आपल्या नद्या पावसाळ्यात लाल होतातच की. होतात. गौरी-गणपतीत लाल असलेलं पाणी दिवाळीपर्यंत निवळतं, आणि इथले मासे त्या येण्याजाण्याला सरावलेले आहेत. शहरातून वाहणारं सांडपाणी मात्र ऐन हिवाळ्यातही निवळत नाही. पावसाचा गाळ आणि गटाराचा काळोख एकाच मापाने मोजून चालणार नाही.

मोजायला फार खर्चही नाही. सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने 1865 मध्ये पांढरी तबकडी दोरीने समुद्रात सोडून पाहिली. ती जिथे दिसेनाशी होते ती पाण्याच्या नितळपणाची खोली. आजही जगभर तलावांवर हेच साधन चालतं. संथ डोहांत आणि धरणांच्या पाण्यात ती वर्षातून निदान तीनदा सोडावी: आषाढात, दिवाळीनंतर आणि ऐन वैशाखात. जी खोली भरेल ती प्राणवायूच्या आकड्याशेजारीच लिहावी.