गरीब प्रदेशांतील डिजिटल आरोग्य: एका लोकप्रिय मताचे खंडन

अल्प उत्पन्नाच्या प्रदेशांसाठी डिजिटल आरोग्य तंत्रज्ञान कसे विकसित करावे या प्रश्नावर आज जे मत जवळजवळ सर्वमान्य झाले आहे, ते थोडक्यात असे: जेथे डॉक्टर पोहोचत नाही तेथे मोबाइल पोहोचला आहे, म्हणून डॉक्टरची उणीव मोबाइलने, तज्ज्ञाची उणीव कृत्रिम बुद्धिमत्तेने आणि कारभारातील ढिलाई माहितीच्या साठ्याने भरून काढता येईल. डिजिटल आरोग्य या संज्ञेत रुग्णाची संगणकीय नोंद, टेलिमेडिसिन म्हणजे दुरून दिलेला वैद्यकीय सल्ला, आरोग्यसेविकेच्या हातातील अ‍ॅप, औषधसाठ्याचा हिशेब आणि छायाचित्रावरून निदान करणारी प्रणाली असे बरेच काही येते, आणि या सगळ्यांना एकाच मापाने मोजल्यामुळे वादात पुष्कळ गोंधळ माजतो. वरील मतात तथ्य मुळीच नाही, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते ज्या गृहीतकांवर उभे आहे ती तपासली, तर त्याचा पाया कच्चा असल्याचे दिसून येते.

मोबाइल सर्वांपर्यंत पोहोचला आहे, हे विधान कुटुंबाला एकक मानले तर बरेचसे खरे ठरते; व्यक्तीला, त्यातही स्त्रीला एकक मानले की ते टिकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 15 ते 49 वयोगटातील ज्या स्त्रियांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता त्यांचे प्रमाण देशात 54 टक्के, तर इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण 33 टक्के आढळले, आणि ग्रामीण भागात हे दुसरे प्रमाण 25 टक्क्यांच्या आसपास होते. गरोदर बाईसाठी म्हणून तयार केलेले अ‍ॅप ज्या फोनवर उघडायचे, तो फोन अनेक घरांत नवऱ्याच्या खिशात असतो आणि नवरा दिवसभर कामावर असतो. कोविड लसीकरणाच्या वेळी या विषमतेचा अनुभव साऱ्या देशाने घेतला. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वर्षांच्या नागरिकांसाठी कोविन प्रणालीवर आगाऊ नोंदणी सक्तीची झाली, आणि वेगवान इंटरनेट असलेल्या शहरी तरुणांनी ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा पटापट राखून तेथे गाडीने जाऊन लस घेतल्याच्या, तर त्याच गावचे लोक दाराशी केंद्र असूनही लसीविना राहिल्याच्या बातम्या महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून आल्या. त्या महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीबद्दल सरकारला प्रश्न विचारले. तत्पूर्वीच सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा द्यावी लागली होती. कोणाला कोणती मात्रा केव्हा दिली याचा हिशेब ठेवण्याचे काम कोविनने उत्तम केले, हे मान्य करायला हवे. दोष हिशेबात नव्हता. हिशेबाच्या साधनालाच प्रवेशद्वार बनवण्याच्या निर्णयात तो होता.

तज्ज्ञाची जागा यंत्र घेईल, हे गृहीतक अधिक मोहक आहे, कारण त्यामागे प्रयोगशाळेतील खरे यश आहे. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारे विकार छायाचित्रावरून ओळखणारी गूगलची प्रणाली तज्ज्ञांच्या तोडीची अचूकता दाखवत होती. थायलंडमधील पथुम थानी आणि चियांग माई या प्रांतांतल्या 11 दवाखान्यांत ती वापरली गेली, तेव्हा तिच्यासमोर ठेवलेल्या छायाचित्रांपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक तिने निकृष्ट म्हणून नाकारली. कारणे साधीच होती: छायाचित्र घ्यायला पुरेशी अंधारी खोली नव्हती, इंटरनेट मंद होते आणि परिचारिकेपुढे रुग्णांची रांग थांबली होती. छायाचित्र नाकारले गेले की रुग्णाला दुसऱ्या दिवशी लांबच्या रुग्णालयात जायला सांगण्याचा प्रसंग येई, म्हणजे ज्याचा रोज वाचावा म्हणून यंत्र आणले त्याचाच रोज बुडे. हे निष्कर्ष कंपनीच्याच संशोधकांनी 2020 मध्ये प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले, ही गोष्ट त्यांच्या श्रेयाची आहे. ज्यांच्यासाठी साधन वापरायचे त्यांच्यावर ते आधी तपासावे लागते, हे पल्स ऑक्सिमीटरबाबतही दिसले. बोटातून प्रकाश पाठवून रक्तातील प्राणवायू मोजणारे हे छोटे उपकरण आहे. त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्राणवायूची धोकादायक घट त्याच्या नजरेतून निसटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या मानाने काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट आढळले. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या लोकांनी भरलेल्या प्रदेशांत हेच उपकरण वाटताना ही गोष्ट दुर्लक्षून कसे चालेल?

सर्वांत जास्त विचार मात्र तिसऱ्या समजुतीचा व्हायला हवा, कारण सरकारी योजनांचा मोठा भाग तिच्यावर उभा आहे. माहिती गोळा झाली की कारभार आपोआप सुधारतो, अशी ही समजूत आहे. अंगणवाडी सेविकेचे काम जवळून पाहिले म्हणजे या समजुतीतील उणीव कळते. बालकाचे वजन करणे, उंची घेणे, आहार देणे, गृहभेटी करणे आणि हे सारे नोंदवहीत उतरवणे एवढे काम तिच्याकडे पूर्वीपासूनच होते. त्यावर अ‍ॅपमध्ये माहिती भरण्याचे काम चढले, पण नोंदवही सर्वत्र सुटली नाही. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल हजारोंच्या संख्येने परत केले. फोनची क्षमता अपुरी आहे, तो तापतो, बंद पडतो, दुरुस्तीचा खर्च पदरचा करावा लागतो, आणि ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. हा तंत्रज्ञानाला असलेला अडाणी विरोध आहे, असा अर्थ काहींनी लावला. तो अन्यायाचा आहे. मराठीत अ‍ॅप द्या आणि चालणारा फोन द्या, अशी मागणी करणारी बाई तंत्रज्ञान नाकारत नसते, ते नीट असावे एवढेच सांगत असते.

येथे प्रश्न केवळ फोनचाही नाही. तीव्र कुपोषित बालकाची नोंद वरच्या कार्यालयातील पडद्यावर लाल रंगात उमटते, तेव्हा त्या नोंदीचे पुढे काय होते? नोंद उशिरा झाली तर सेविकेला विचारणा होते, पण नोंद वेळेवर होऊनही पोषण पुनर्वसन केंद्रात खाट मिळाली नाही, बालकासोबत राहणाऱ्या आईच्या बुडीत मजुरीची सोय झाली नाही किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिकामेच राहिले, तर त्याची विचारणा कोणाला होते हे त्या प्रणालीत कोठेच लिहिलेले नसते. माहिती खालून वर जाते, जबाबदारी मात्र वरून खाली लोटली जाते. अशा रचनेत सेविका चौकोन भरायला शिकते, कारण रिकामा चौकोन दिसतो आणि घाईने भरलेला चौकोन दिसत नाही; मग त्याच आकड्यांवर धोरण आखले जाते.

एवढे खंडन वाचून उलट टोकाचे मत जवळ करण्याचा मोह होतो. आधी पाणी, रस्ता, औषध आणि डॉक्टर द्या, संगणकाचे नंतर पाहू, असे ते मत आहे. त्यामागील चीड समजण्यासारखी असली, तरी तेही टिकणारे नाही, कारण औषध वेळेवर पोहोचणे हेच पुष्कळदा माहितीचे काम असते. टांझानियात 2009-10 मध्ये ‘एसएमएस फॉर लाइफ’ या प्रयोगात तीन जिल्ह्यांतील 129 आरोग्य केंद्रांना दर आठवड्याला साध्या फोनवर एक संदेश जाई, कर्मचारी हिवतापाच्या औषधांचा शिल्लक साठा उलट संदेशाने विनाखर्च कळवी आणि वेळेवर कळवल्याबद्दल त्याच्या फोनमध्ये थोडी रक्कम जमा होई. हिवतापाचे एक तरी औषध संपलेल्या केंद्रांचे प्रमाण 21 आठवड्यांत 78 टक्क्यांवरून 26 टक्क्यांवर आले. येथे कर्मचाऱ्याला मिनिटभराचे काम होते आणि उत्तर देण्याचे ओझे जिल्ह्याच्या अधिकाऱ्यावर होते, कारण कोणत्या केंद्रात काय संपले आहे हे त्याला दिसत होते आणि त्याला ते दिसते आहे हे इतरांनाही ठाऊक होते. स्मार्टफोन लागला नाही, इंटरनेट लागले नाही. देशाच्या मुख्य भांडारातच औषध नसेल तर कोणताही संदेश ते निर्माण करू शकत नाही, ही मर्यादा उरतेच. परंतु एका केंद्रात पडून असलेले औषध दुसऱ्या केंद्रातील रुग्णाला मिळणे हा लाभ लहान नाही.

साधनाची घडण कोठून सुरू व्हावी, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि ते डिजिटल नसल्यामुळे अधिक बोलके आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांतील न्यूमोनिया गावातच ओळखण्यासाठी श्वासमापक तयार केला. न्यूमोनियात श्वासाची गती वाढते; पण अक्षरओळख नसलेल्या दाईला पन्नास-साठपर्यंत न चुकता मोजणे अवघड जाते. म्हणून एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि ओळीत ओवलेले मणी अशी रचना झाली: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर न्यूमोनिया समजायचा. दाईला दहापर्यंत मोजता येते हे गृहीत धरून साधन घडवले, तिच्यावर नवी मोजणी लादली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निदान करणाऱ्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या हातात प्रतिजैविकही दिले गेले. निदान वेगळ्या ठिकाणी आणि औषध चाळीस किलोमीटरवर अशी स्थिती असती, तर ते मणी कितीही चतुराईने ओवलेले असूनही निष्फळ ठरले असते. ई-संजीवनीसारख्या टेलिमेडिसिन सेवेलाही हीच कसोटी लावायला हवी. उपकेंद्रात बसून रुग्णाला शहरातील डॉक्टरशी बोलता येणे ही मोलाची सोय आहे, पण सल्ल्यांची संख्या हे तिच्या यशाचे माप होऊ शकत नाही; लिहून दिलेले औषध आणि सांगितलेली तपासणी त्याच दिवशी त्याच उपकेंद्रात किती जणांना मिळाली, हे माप होऊ शकते.

राहतो तो मालकीचा प्रश्न, ज्याच्याकडे दोन्ही पक्ष फारसे वळत नाहीत. रवांडात ‘बॅबिल’ या नावाने चालणारी दूरस्थ सल्लासेवा साध्या फोनवरूनही मिळे, परिचारिका आणि डॉक्टर स्थानिक असत, 2020 मध्ये तिचा सरकारशी दहा वर्षांचा करारही झाला होता. रचनेच्या दृष्टीने तिच्यात नाव ठेवण्यासारखे थोडेच होते. तरीही 2023 मध्ये तिची ब्रिटनमधील मूळ कंपनी ‘बॅबिलॉन’ कोसळली, त्याबरोबर रवांडातील सेवाही बंद पडली आणि लाखो नोंदणीकृत रुग्णांचा आधार तुटला. या कोसळण्याचा त्यांच्यापैकी कोणाच्याही निर्णयाशी संबंध नव्हता. याच्या उलट, छत्तीसगडमधील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयाच्या गरजांतून ‘बाह्मनी’ ही रुग्णनोंदीची प्रणाली आकाराला आली. ती मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिची संगणकीय संहिता कोणालाही पाहता, बदलता आणि वापरता येते, आणि म्हणूनच पुढे ती इतर देशांतील रुग्णालयांतही वापरात आली. बनवणारा निघून गेला तरी वापरणाऱ्याला ती चालू ठेवण्याचा मार्ग खुला राहतो.

मुक्तस्रोत म्हणजे फुकट नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जातो, आणि तो बरोबर आहे. सर्व्हर चालवणे, दुरुस्ती करणे, नवी भाषा घालणे, कर्मचाऱ्यांना शिकवणे यांना दरवर्षी पैसा लागतो. तो देणगीतून मिळतो तोवर प्रयोग चालतो आणि देणगी संपली की थांबतो. युगांडात असे सुटे प्रयोग इतके बोकाळले की 2012 मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाला नव्या प्रयोगांना स्थगिती द्यावी लागली. म्हणून जिल्हा आरोग्य विभाग एखादी प्रणाली स्वीकारतो तेव्हा तिच्या पाचव्या वर्षाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून भागणार, सेविकेचा फोन बिघडला तर किती दिवसांत आणि कोणाच्या पैशाने बदलून मिळणार, कोणती जुनी नोंदवही त्या दिवसापासून बंद होणार, रुग्णांची माहिती कंपनी बुडाल्यावर कोणाच्या ताब्यात राहणार, आणि वर पोहोचलेल्या प्रत्येक धोक्याच्या नोंदीला कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने किती तासांत उत्तर द्यायचे, हे पहिला फोन वाटण्यापूर्वी करारात लिहून सही-शिक्क्यानिशी ग्रामसभेपुढे ठेवता येईल. यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.