परवाना एकाचा, गल्ला दुसऱ्याचा

मद्यपान चांगले की वाईट, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही आणि तो येथे पुन्हा उकरून काढण्याचा हेतूही नाही. परंतु ज्या मद्यालयांना शासनाने रीतसर परवाना दिला आहे त्यांचा खरा मालक कोण, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. ठाण्याचा घोडबंदर रस्ता, कल्याण-शिळ मार्ग किंवा डोंबिवली स्थानकाचा परिसर घ्या. तेथे बार, परमिट रूम आणि अलीकडच्या भाषेत पब म्हणविणारी जी ठिकाणे आहेत, त्यांच्या पाटीवर एक नाव असते, परवान्यावर दुसरे, जागेच्या कागदपत्रांवर तिसरे, आणि रोजचा गल्ला मोजणारा चौथाच असू शकतो. शेजारच्या इमारतीतील नागरिकाला तक्रार करावयाची झाल्यास ती नेमकी कोणाविरुद्ध करावी, हेच त्याला उमगत नाही.

या गोंधळाचे मूळ आपल्या कायद्याच्या स्वरूपात आहे. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. पुढे बंदी सैल झाली, पण कायदा राहिला. आजची मद्यविक्री त्याच दारूबंदी कायद्याच्या छत्राखाली, अपवाद म्हणून दिलेल्या परवान्यांवर चालते. पिणाऱ्यानेही परवाना बाळगावा, या अपेक्षेतूनच ‘परमिट रूम’ हे नाव रूढ झाले. मद्याचा व्यापार हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे, परवाना शुल्क ही शासनाने दिलेल्या विशेष सवलतीची किंमत होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली हर शंकर प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे तत्त्वतः परवाना ही मालमत्ता नाही. व्यवहारात मात्र तो वडिलोपार्जित शेतीसारखा वारसांकडे जातो, भागीदारीत वाटला जातो आणि खंडानेही दिला जातो.

मालकीचे हे प्रकार समजून घेतले पाहिजेत. पहिला प्रकार साधा आहे: जागा, परवाना आणि व्यवसाय एकाच्याच हाती. दुसरा भागीदारीचा. त्यात परवान्यावर नवे भागीदार दाखल होतात, जुने निवृत्त होतात आणि काही काळाने दुकान तेच राहून मालक बदललेला असतो. तिसरा कंपनीचा. एकच कंपनी निरनिराळ्या शहरांत एकाच नावाचे पब काढते, मॉलमध्ये जागा भाड्याने घेते आणि व्यवस्थापक नेमते. चौथा, आणि आपल्या परिसराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, प्रकार म्हणजे ‘कंडक्टिंग’. यात परवानाधारक ठराविक मासिक रकमेच्या बदल्यात संपूर्ण व्यवसाय दुसऱ्याच्या हवाली करतो. नफा-तोटा चालविणाऱ्याचा, पण कायद्याच्या लेखी मालक मूळ परवानाधारकच.

कंडक्टिंगला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. वेटर म्हणून कामास लागलेल्या, पदरी भांडवल नसलेल्या परंतु धंद्याचे बारकावे आत्मसात केलेल्या अनेकांना स्वतंत्र व्यवसायाची पहिली पायरी याच पद्धतीने मिळाली. मूळ मालकाची मुले शिकून नोकरीस लागली आणि त्यांना गल्ल्यावर बसावयाचे नसेल, तर चालता व्यवसाय बंद व्हावा असेही कोणी म्हणणार नाही. आक्षेप आहे तो हा व्यवहार पडद्याआड ठेवण्याला.

इतर ठिकाणी काय घडले ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये बहुसंख्य पब दीर्घकाळ बिअर तयार करणाऱ्या कारखानदारांच्या मालकीचे होते. कुळाने पब चालवावा आणि बिअर मात्र मालकाकडूनच, तो सांगेल त्या भावाने घ्यावी, अशी ती पद्धत. दोन हजारांहून अधिक पब बाळगणाऱ्या कारखानदारांवर १९८९ साली निर्बंध आले. त्यांनी पब विकले, ते मोठ्या पब-कंपन्यांनी घेतले, आणि कुळाच्या गळ्यातील दोरी मालक बदलूनही तशीच राहिली. अखेर २०१६ साली मोठ्या कंपन्यांच्या कुळांसाठी आचारसंहिता आणि स्वतंत्र निवाडा अधिकारी आला. आपल्याकडे तमिळनाडूने २००३ पासून किरकोळ विक्री सरकारी महामंडळाकडेच घेतली. तेथे मालक कोण हे लख्ख आहे. परंतु शासनच दुकानदार झाले की दुकान बंद करण्याचा निर्णय त्याला जड जातो. सारांश, मालकीची कोणतीही पद्धत निर्दोष नाही. जबाबदारी कोणाची हे आधी ठरलेले असणे, एवढेच महत्त्वाचे.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मद्यावरील करवाढीबरोबर एक लहानसा पण अर्थपूर्ण निर्णय घेतला. विदेशी मद्याची दुकाने आणि परमिट रूम यांचे परवाने कराराने दुसऱ्यास चालवावयास देताना वार्षिक शुल्काच्या अनुक्रमे १५ आणि १० टक्के जादा रक्कम आकारण्याचे ठरले. करवाढीविरुद्ध १४ जुलै २०२५ रोजी परमिट रूम चालकांनी बंदही पाळला. त्या गदारोळात ही बाब झाकोळली गेली. वस्तुतः कंडक्टिंग अस्तित्वात आहे, याची ही सरकारी कबुलीच होती. पण शासनाने त्यातून फक्त महसूल पाहिला, उत्तरदायित्व पाहिले नाही.

ते पाहणे का निकडीचे आहे? डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या पबमध्ये लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. अशा दुर्घटनेनंतर जागामालक, परवानाधारक व चालक यांपैकी कोणाचा दोष किती, याचा शोध न्यायालयात वर्षानुवर्षे घ्यावा लागतो. तो प्रश्न दारे उघडण्यापूर्वीच सुटलेला असावयास हवा. जून २०२४ मध्ये ठाण्यात अनधिकृत बार व पबवर महापालिकेने बुलडोझर चालविले. बांधकाम पडले, पण त्यातून कमावणारा दुसऱ्या जागी, दुसऱ्याच्या परवान्यावर उभा राहण्यास मोकळाच असतो. कामगारांचे हाल वेगळेच. चालक बदलला की वेटर आणि आचारी कागदोपत्री नव्याने नोकरीस लागतात, आणि सलग पाच वर्षांच्या सेवेवर मिळणारे उपदान स्वप्नच राहते.

मार्च २०२५ मध्ये विधानसभेत घोषणा झाली, की गृहनिर्माण संस्थेच्या आवारात बिअर वा मद्याचे दुकान काढण्यास संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु संस्थेने संमती एकाला द्यावी आणि वर्षभराने धंदा भलत्यानेच चालवावा, तर त्या कागदाला काय अर्थ?

उपाय अवघड नाहीत. परवानाधारक, प्रत्यक्ष चालक आणि जागामालक यांची नावे प्रवेशद्वारी ठळक लावणे सक्तीचे करावे. चालक बदलताच गृहनिर्माण संस्था, महापालिका व अग्निशमन दल यांना लेखी कळवावे. कामगारांची सेवा चालकाशी नव्हे, तर परवान्याशी जोडली जावी. आणि अपघात वा नियमभंग घडल्यास भाडे घेणारा व नफा घेणारा, दोघेही आपापल्या वाट्यापुरते जबाबदार धरले जावेत. जादा शुल्क घेऊन शासनाने या व्यवहारास मान्यता दिलीच आहे, तर त्याची माहिती नागरिकांपासून लपविण्याचे कारण उरत नाही. परवाना ही जनतेच्या वतीने दिलेली सवलत असेल, तर ती कोण उपभोगतो हे जाणण्याचा अधिकार जनतेला असलाच पाहिजे.