अंगणातला कोतवाल

अमेरिकेत पूर्वेकडे राहणाऱ्या मंडळींना हा प्रकार ठाऊक असेल. साखरपाण्याचा फीडर टांगला की एखादा रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड (वजन जेमतेम ३ ग्रॅम!) त्याचा ताबा घेतो. स्वतः दोन घोट पितो आणि उरलेला वेळ जवळच्या फांदीवर बसून येईल त्याच्यावर तुटून पडतो.

मग घरोघरी त्या 'गुंडा'ला हाकलायचे बेत शिजतात. मला हे पटत नाही. फुलात मध असतो थेंबभर, आणि तो पुन्हा भरायला वेळ लागतो. तेव्हा बहरलेलं झुडूप राखणं हे त्याच्या पोटाचं गणित आहे. आपला फीडर आटत नाही हे त्याला कोण सांगणार? शिवाय हा गेला की त्याची जागा बहुधा दुसरा घेतो. आणि पकडण्याचं तर नावच नको, १९१८ च्या कायद्याने ते बंद आहे.

त्यापेक्षा एक मोठा फीडर काढून दोन-तीन छोटे लावा, एकमेकांच्या नजरेआड. एक पुढच्या दारी, एक परसात. एकटा कुठे कुठे पुरणार? जागा नसेल तर उलट, चार-पाच अगदी जवळ टांगा. गर्दीपुढे पहारेकरी दमतो. साखर एक भाग, पाणी चार भाग, रंग अजिबात नको. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी धुवायचे. (यावरून आमच्या घरात जी भांडणं होतात त्यापुढे पक्षी बरे.)

नर दक्षिणेकडे आधी निघतात. मग माद्या आणि पिल्लं निवांत पितील म्हणावं, तर तीही आपसात भांडतातच.