वाकोला नाल्याचाही रिपोर्ट काढूया

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, काल साचलेल्या पाण्यातून चालत घरी आलो. काही गोळी घ्यायला हवी का?" पायाला जखम होती का, पाण्यात किती वेळ होतात, हे मी विचारतो. पण त्या पाण्यात काय होतं, याचं उत्तर रुग्णाकडे नसतं आणि माझ्याकडेही नसतं.

म्हणून मला वाटतं की आपल्या भागातल्या आठवी-नववीच्या मुलांनी वाकोला नाल्याचं पाणी तपासायला शिकावं. राज्य मंडळाच्या नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा विषय आहेच. त्याची प्रयोगशाळा शाळेपासून पाच मिनिटांवर वाहते आहे. हे बोललो की पालकांकडून दोन आक्षेप येतात. दोन्ही रास्त आहेत.

"नाला घाण आहे हे दिसतंच, तपासायचं काय?"

ताप आहे हे हात लावून कळतं. तरीही आपण रक्त तपासतो, कारण मलेरियाचं औषध वेगळं आणि टायफॉइडचं वेगळं. नाल्याचंही तसंच आहे. घाण सांडपाण्याची आहे, कारखान्याची आहे की नुसता गाळ आहे, यावर उपाय ठरतो.

पहिली तपासणी पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनची. 25 अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. आंघोळीयोग्य नदीत तो किमान 5 असावा, असा आपल्याकडचा निकष आहे. मैला पाण्यात आला की तो कुजवणारे जंतू ऑक्सिजन वापरून टाकतात. ऑक्सिजन संपला की दुसऱ्या जातीचे जंतू कामाला लागतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. पुलावरून जाताना नाक दाबतो ना आपण, तो हाच वास.

दुसरी तपासणी किड्यांची. अगदी कमी ऑक्सिजनच्या गाळात एक लाल अळी सापडते. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीची ती अळी. ती लाल असते हिमोग्लोबिनमुळे, म्हणजे आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या द्रव्यामुळे! हे मुलांना एकदा डोळ्यांनी दिसलं की धडा पाठ करावा लागत नाही.

मात्र एका आकड्यावरून निदान होत नाही. वाकोला नाला बीकेसीजवळ मिठीला मिळतो आणि मिठी माहीमच्या खाडीला. भरतीला खारं पाणी आत चढतं. त्या वेळी क्षारांचा आकडा एकदम वाढला, तर तो दोष समुद्राचा, सांडपाण्याचा नव्हे. म्हणून भरती-ओहोटीची वेळ लिहायची, महिन्यातून एकदा त्याच जागी मोजायचं, आणि वरच्या अंगाला एक व खालच्या अंगाला एक अशा दोन जागा घ्यायच्या. दोन आकड्यांमध्ये मोठा फरक पडला, तर मधे कुठेतरी काहीतरी येऊन मिळतंय. ते कुठे, हे शोधणं म्हणजेच निदान.

"मुलं आजारी पडली तर?"

हा आक्षेप मी अधिक गंभीरपणे घेतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, मिठी घराघरांत शिरली, आणि नंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. लेप्टोचे जंतू उंदरांच्या आणि इतर जनावरांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि जखमेतून, भिजून मऊ झालेल्या त्वचेतून किंवा डोळ्यांतून शरीरात शिरतात.

म्हणून माझे नियम कडक आहेत. एकाही मुलाने नाल्यात उतरायचं नाही. पाणी मोठ्या माणसाने पुलावरून दोरी-बादलीने काढायचं, आणि गाळाचा नमुनाही त्यानेच काढायचा. रबरी हातमोजे आणि बंद बूट हवेत. हाताला जखम असलेल्या मुलाने त्या दिवशी फक्त नोंदी लिहायच्या. जोराच्या पावसात आणि पूर ओसरताना तपासणी बंद. शेवटी साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. एवढं पाळणं जमत नसेल, तर त्या शाळेने हा उपक्रम करू नये.

याचा आजाराशी संबंध काय?

1984 मध्ये अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावात ह्यूरन नदीत खेळलेल्या काही शाळकरी मुलांना कावीळ झाली. तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक विल्यम स्टॅप यांच्या मदतीने नदी तपासायला घेतली. त्यातून पुढे अनेक देशांतल्या शाळांचं एक जाळं उभं राहिलं.

आपली मुलं नाल्यात पोहत नाहीत. पण आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या नळ्या बऱ्याच ठिकाणी गटारातून जातात, आणि पाणी ठरावीक वेळेलाच येतं. पाणी बंद झालं की नळीतला दाब उतरतो आणि फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. टायफॉइड आणि कावीळ अशाच वाटेने घरात येतात.

त्यामुळे नाल्यानंतर मुलांनी घरचा नळ तपासावा. क्लोरीन मोजायचं साधं किट मिळतं, आणि नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. जंतू तपासणीची बाटलीही मिळते. तिच्यात पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं, तर मैल्यातले जंतू असण्याची शक्यता असते. नाल्याच्या पाण्याला ही बाटली लावू नका, ते आधीच्या वायूमुळेच काळं पडेल. आणि काळी झालेली बाटली शिक्षकांनी ब्लीचिंग पावडर घालूनच टाकावी.

माझी खरी भीती वेगळी आहे. मुलं आकडे काढतील, तक्ता रंगवतील, प्रदर्शनात बक्षीस मिळेल आणि तक्ता कपाटावर जाईल. रिपोर्ट काढून उशीखाली ठेवणारे रुग्ण मी रोज पाहतो. त्यांचा आजार बरा होत नाही. मुलांचे आकडे जागा, वेळ आणि फोटोसह पालिकेच्या एच पूर्व विभाग कार्यालयात गेले पाहिजेत, आणि सोबत पालकांनी जायला हवं. शाळेचं किट सरकारी प्रयोगशाळेच्या तोडीचं नसतं, हे मान्य. पण "इथे पुन्हा नीट तपासा" एवढं म्हणायला ते पुरेसं आहे.

आणि हो, सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर: साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर पाय साबणाने धुवा आणि 24 ते 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारा. गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. ताप आला, तर पाण्यातून चालल्याचं आठवणीने सांगा.